झोप काढूनही सुकाणू का चुकलं: हर्णैच्या एका तांडेलाचं प्रकरण

हे प्रकरण दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या एका ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीच्या, तांडेलाचं; तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव आणि बोटीचा नंबर देत नाही, ओळख पटेल असं एखाददुसरं बारीकसारीक बदललंय. वय पंचेचाळिशीतलं, मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्यावर, दारूला शिवत नाहीत, तंबाखू मात्र आहे, बीपी-शुगरची गोळी नाही. मी डॉक्टर, माझ्याकडे आले तेव्हा तक्रार एकच होती, "मॅडम, मी झोप काढून उठलो होतो, मग असं झालंच कसं?" या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीला लागू पडतं आणि बहुतेकांना जे वाटतं त्याच्या ते उलट आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

काय झालं ते आधी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती उठली की बंदरात एकच घाई, बरेचजण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात पण ज्यांच्यावर डिझेलचं, बर्फाचं, जाळ्याचं देणं आहे ते थांबत नाहीत. यांची बोट तशीच लगेच निघाली. बोटीवर सातजण, त्यात सुकाणू धरणारे खरंतर दोघं, पण दुसऱ्याला निघाल्या रात्रीच ताप भरला म्हणजे सगळं एकट्या तांडेलावर आलं. ट्रॉलिंगचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, जाळं सोडलं की तीन-साडेतीन तास ओढायचं, मग वर घ्यायचं, निवडायचं, बर्फात भरायचं, परत सोडायचं, आणि यात तांडेलाला जी काय झोप मिळते ती तास-दीड तासाच्या तुकड्यांत, तीसुद्धा इंजिनच्या धडधडीत आणि वायरलेसच्या आवाजात. अशा तीन रात्री गेल्या.

चौथ्या रात्री वाऱ्याचा इशारा आला. हर्णै बंदर उघडं, वारा फिरला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत घ्यायच्या ही इथली जुनी रीत, पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आणि रेतीचा बांध दरवर्षी जागा बदलतो, त्यामुळे भरतीशिवाय आत जाता येत नाही. पंचमी होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा इथला हिशोब, पाचची पाऊणपट पावणेचार, त्या सुमारास भरती, आणि पंचमी असल्यामुळे भरतीला उधाणाइतकं पाणीही नाही, चॅनेलच्या, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेच्या, जरा बाहेर गेलात की रेती. बोट अडीचच्या दरम्यान खाडीबाहेर पोचली, नांगर टाकला, आणि पोरांनी अगदी मायेनं सांगितलं की तांडेल तुम्ही आता आडवे व्हा, वेळ झाली की आम्ही उठवतो. ते पडले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. पाऊणएक तासानं, साडेतीनच्या आसपास, त्यांना हलवून हलवून उठवलं, नांगर उचलायची तयारी होतीच, ते उठले ते तडक सुकाणूवर. पाच-सहा मिनिटांत बोट चॅनेलच्या डाव्या अंगाला रेतीत बसली.

कोणाला लागलं नाही हे नशीब. बोटीखालचा, पाणी कापणारा पंखा वाकला, दुपारच्या भरतीला दुसऱ्या दोन बोटींनी दोर लावून ओढून काढली. पण गावात चर्चा सुरू झाली ती थांबेना. कोणी म्हणालं प्यायले असणार, कोणी म्हणालं आता वय झालं, घरी वहिनींना वाटायला लागलं की काहीतरी बाहेरचं आहे, गुरवाकडे जाऊन यावं. बोटीचे मालक, शेठ, काही बोलले नाहीत पण पुढच्या फेरीला दुसरा तांडेल बघतोय असं कानावर आलं. माणूस खचला होता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढे उभ्या असलेल्या खलाशानं सांगितलेलं. तोही सोबत आला होता. तो म्हणाला, तांडेल उठले, "पाणी किती?" विचारलं, मासे आणि पाण्याची खोली दाखवणाऱ्या फिशफाइंडरकडे बघून खोलीचा आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला आणि तो बरोबर होता. मग मी ओरडलो, तांडेल, डाव्या अंगाला रेती आहे, उजवीकडे घ्या. ते म्हणाले, "हो, दिसतंय." परत ओरडलो, परत म्हणाले, "हो, हो, दिसतंय." पण सुकाणू आहे तिथंच. हे ऐकताना तांडेल त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण यातलं एक अक्षर त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या आठवणीत पोरानं खांदा हलवला आणि त्यानंतर थेट बोट बसल्याचा धक्का.

आता यात डॉक्टरनं पहिल्यांदा झोपेचा विचार करायचा नसतो. माणूस बोलतोय, उत्तर देतोय, पण भान नाही आणि नंतर आठवत नाही म्हटल्यावर आधी फिट वगळायची. जीभ चावलेली नाही, कपड्यात लघवी नाही, हात-तोंडाच्या चाळ्यासारख्या हालचाली नाहीत, आधी असं कधीच झालेलं नाही, घरात कोणाला फिट नाही. शुगर नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. चिपळूणला न्यूरोच्या डॉक्टरांकडे पाठवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लाटांचा आलेख, करून घेतला, त्यातही काही नाही. दारूचं सोबतच्या सहाही जणांनी एकमुखानं नाकारलं, वेगवेगळं विचारूनसुद्धा. मग राहते ती झोप, पण झोप म्हटली की सगळे म्हणतात "डुलकी लागली असेल", आणि इथे डुलकी बसत नाही. डुलकी लागलेला माणूस खोलीचा आकडा वाचून दाखवत नाही.

इथे मेंदूचं थोडं सांगावं लागेल. आपल्या डोक्यात एक चित्र असतं की झोप आणि जाग म्हणजे एक बटण, चालू नाहीतर बंद. तसं नाहीये. कर्दे-मुरुडच्या बाजूला पर्यटकांना जे डॉल्फिन दाखवायला नेतात ना, त्यांचा एका वेळी अर्धाच मेंदू गाढ झोपतो, दुसरा अर्धा जागा राहून श्वासाला वर येत राहतो. माणसाचं इतकं टोकाचं नाही, पण आपल्यातही मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी आणि सारखेच झोपत नाहीत. गाढ झोपेत ज्या मोठ्या संथ लाटा येतात, सेकंदाला चारपेक्षा कमी, त्या सगळ्यात जोरात कपाळामागच्या भागात येतात. हा पुढचा भाग म्हणजे ठरवणं, बेत बदलणं, आलेली नवीन माहिती धरून आधीची कृती थांबवणं, या कामांचा. दिवसभर सगळ्यात जास्त राबतो आणि झोपेत सगळ्यात खोल जातो. जागरण झालं असेल तर त्यानंतरच्या झोपेत या लाटा अजून वाढतात, आणि सगळ्यात जास्त वाढतात त्या परत पुढच्याच भागात.

जो भाग जास्त वापरला तो जास्त गाढ झोपतो हे २००४ साली ह्यूबर आणि टोनोनी वगैरे संशोधक मंडळींनी छान दाखवलं होतं, हाताच्या हालचालीचं एक नवीन कौशल्य लोकांकडून करून घेतलं आणि त्या रात्री मेंदूच्या नेमक्या त्याच कामाच्या पट्ट्यात संथ लाटा वाढलेल्या सापडल्या. आणि २०११ साली उंदरांवर केलेल्या कामात तर असं दिसलं की खूप वेळ जागं ठेवलेल्या उंदराचे डोळे उघडे, तो हिंडतोय-फिरतोय, पण मेंदूतल्या पेशींचे काही गट मधूनच क्षणभर गप्प होतात, झोपेत होतात तसे, आणि ते नेमके चुकीच्या वेळी गप्प झाले की पंजानं साखरेची गोळी उचलणं चुकतं. म्हणजे जागेपणी मेंदूचा एखादा तुकडा झोपू शकतो. तीन रात्रींच्या तुकड्या-तुकड्यांच्या झोपेनंतर तांडेलाच्या डोक्यात असं काही होत असणार हे गृहीत धरायला हरकत नाही, पण माझ्या मते खरं कारण त्याच्या पुढचं आहे.

खरं कारण उठवण्यात आहे. झोपेतून उठताना मेंदू एकदम जागा होत नाही. बॉल्किन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर हे बघितलं, जागं झाल्याबरोबर पहिल्या पाचेक मिनिटांत मेंदूच्या बुडाचा भाग आणि मधोमधचा थॅलॅमस यांचा रक्तपुरवठा परत येतो, म्हणजे डोळे उघडतात, माणूस उभा राहतो, बोलतो, पण कपाळामागचा भाग त्यानंतर पुढची पंधराएक मिनिटं घेत हळूहळू येतो. निसर्ग वादळ होऊन गेल्यावर दापोली तालुक्यात लाईट आली ती कशी आली आठवा, आधी मेन लाईन, मग बाजारपेठ, आणि टोकाच्या वाड्या सगळ्यात शेवटी; मेंदूत टोकाची वाडी म्हणजे नेमका निर्णय घेणारा भाग. त्यात माणूस जितक्या गाढ झोपेतून उठवला जाईल आणि आधीचं जागरण जितकं जास्त असेल तितका हा काळ लांबतो, नेहमी अर्ध्या तासाच्या आत ओसरतो पण झोपेची बाकी मोठी असली तर त्याहून जास्त.

आता तांडेलाचा घटनाक्रम यावर ठेवून बघा. तीन रात्रींची बाकी असलेला माणूस पडल्या पडल्या गाढ झोपेत जातो, पाऊण तासानं तो त्या झोपेच्या तळाशी असतो. त्यात पहाटे साडेतीन-चार, शरीराचं तापमान सगळ्यात खाली असायची वेळ, मेंदूचं घड्याळसुद्धा "झोप" म्हणतंय. अशा क्षणाला हलवून उठवलं आणि पाच मिनिटांच्या आत दरवर्षी जागा बदलणाऱ्या रेतीतून बोट काढायचं काम हातात दिलं. डोळ्यांनी बघितलं, आकडा वाचला, तोंडानं "दिसतंय" म्हटलं, कारण ते भाग आलेले होते. "डावीकडे रेती आहे म्हणून हात फिरव" हे ज्या भागाचं काम तो अजून यायचा होता. त्या वेळचं आठवत नाही हेही यात बसतं. सवयीचं काम हात करत राहिले, सवय मोडायची होती तिथं गाडी अडली. पोरांनी प्रेमानं झोपू दिलं आणि भरतीनं वेळ ठरवून दिली, यात दोष कोणाचाच नाही, पण अडीच वाजता न झोपता ते तसेच सुकाणूवर राहिले असते तर कदाचित बोट आत गेली असती, आणि हे ऐकायला विचित्र वाटतं हे मला माहितीये. जागरण करा असं मी अजिबात म्हणत नाही. गाढ झोपेतून उठवणं आणि सुकाणू हातात देणं यात वेळ ठेवायला हवा होता, एवढंच.

मी हे सगळं वहीत मेंदूचं चित्र काढून समजावलं तेव्हा तांडेल बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले, मग वहिनींना म्हणाले, "बघ, बाहेरचं काय नाय." मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं समाधान त्या वाक्याचं.

आता गेलेली झोप भरून येण्याकडे वळते, कारण तिथेही गावातल्या समजुती आणि मेंदूचा हिशोब जुळत नाहीत. बोट ओढून आणल्यावर ते घरी येऊन जे झोपले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, साधारण तेरा तास. वहिनींचं म्हणणं, तीन रात्रींची झोप गेली तर तीन रात्रींचे तास भरायला नकोत का? नको. १९६४ साली अमेरिकेत रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा २६४ तास जागा राहिला होता, अकरा दिवस, आणि त्यानंतर पहिल्यांदा झोपला तो पंधरा तासांच्या आतच उठला. मेंदू तास मोजून परतफेड करत नाही, तो आधी गाढ झोप वसूल करतो, ती नेहमीपेक्षा जास्त खोल लावतो, आणि स्वप्नांची झोप बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीवर ढकलतो. हलकी झोप तर बरीचशी तो परत मागतच नाही.

यांच्या कॉलेजातल्या मुलीला मी एक वही घालून दिली होती, कधी झोपले, कधी उठले, मध्ये किती वेळा उठले, स्वप्न सांगितलं का, दिवसा चिडचिड किती. फार व्यवस्थित मुलगी, तिनं वेळेसकट लिहिलं. पहिल्या रात्री दगडासारखे झोपले, कूस बदललेलीही दिसली नाही, स्वप्न नाही. दुसऱ्या रात्री पहाटे ओरडत उठले, स्वप्न असं की जाळ्यात काहीतरी मोठं अडकलंय आणि ते बोट खाली ओढतंय. तिसऱ्या रात्री परत तशीच लांब स्वप्नं, एकात तर वारलेले वडील येऊन सुकाणूवर बसलेले. घरचे घाबरले, मी म्हटलं की उलट हे ठरल्याप्रमाणे चाललंय. घरी काही वायरी लावलेल्या नव्हत्या पण ही रांग ओळखीची आहे. स्वप्नांच्या झोपेत भीती-भावनेचा बदामाएवढा अमिग्डला, आठवणींचा हिप्पोकॅम्पस आणि मागचे दृश्य बनवणारे भाग जोरात चालू असतात आणि कपाळामागचा, तर्क लावणारा, बाजूचा भाग मंद असतो, १९९०च्या दशकात स्कॅनवर हे वारंवार दिसलेलं आहे. म्हणून स्वप्न इतकं खरं वाटतं आणि त्यातला वेडेपणा त्या वेळी खटकत नाही.

चिडचिडीचंही तेच. पहिल्या दोन दिवसांत ते मुलीवर विनाकारण दोनदा ओरडले, जे त्यांच्या स्वभावात नाही. जागरणानंतर पुढचा भाग अमिग्डलाला जो लगाम घालतो तो सैल पडतो. २००७ सालच्या एका अभ्यासात पस्तीसेक तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली तर अमिग्डलाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त आली. बोटीवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी भांडणं लागतात त्यातली निम्मी अशीच असणार असं माझं मत झालंय.

दुसरी गोष्ट केली ती फोनवरची प्रतिक्रिया चाचणी. स्क्रीनवर मधूनच आकडा येतो, दिसला की बोट टेकवायचं, पाच मिनिटं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की ती चूक धरायची. तेरा तास झोपून उठलेल्या दिवशी तांडेल म्हणत होते एकदम फ्रेश, उद्या जातो बोटीवर. चाचणीत मात्र मधून मधून मोठी गॅप, एकदा तर तीन-साडेतीन सेकंद बोट हललंच नाही, आणि डोळे स्क्रीनवर, मी समोर बसून बघत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, आकडा आलाच उशिरा. तिसऱ्या दिवशी चुका कमी, पाचव्या दिवशी जवळपास नाहीत. स्वतःला वाटणारा ताजेपणा आधी येतो आणि मेंदूचं काम नंतर सुधारतं, हे असं समोर दिसलं की मग पटवायला लागत नाही.

वहिनी घोरण्याचं सारखं सांगत होत्या म्हणून महिन्याभरानं पुण्याला रात्रभराची झोपेची तपासणी करून घेतली, झोपेत श्वास अडकत असेल तर सगळंच चित्र बदलतं. तसं निघालं नाही, घोरणं आहे पण उपचार लागावेत इतका श्वास थांबत नाही. रिपोर्टसोबत लाटांची काही पानं मागून घेतली होती, तीस सेकंदांचं एक पान, त्यावर वरून कपाळाची, मधली आणि मागची अशा रेषा. लाट जितकी उंच तितकी झोप गाढ; गाढ झोपेच्या पानावर कपाळाची रेष ७५ मायक्रोव्होल्टच्या बरीच वर उड्या मारतेय आणि मागची त्याच सेकंदाला त्या मानानं शांत. नेहमीच्या विश्रांतीतल्या रात्रीचं हे पान आहे. तांडेलांनी त्या वरच्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे त्या रात्री हा भाग याहून खोल झोपेत होता?" हो, बराच.

उपाय गोळ्यांचा नव्हताच. त्यांच्या बोटीवर आता ठरलंय ते असं, खाडीत शिरायच्या भरतीआधी तांडेलाला उठवायचं ते निदान चाळीस मिनिटं आधी, उठल्यावर तोंड धुऊन डेकवर चालायचं, कोरा चहा, आणि पहिला अर्धा तास सुकाणूला हात नाही, फक्त उभं राहून बघायचं. चहासुद्धा झोपायच्या आधी घेतला तर बरा, कारण कॅफिन चढायला अर्धा तास लागतो आणि उठायच्या वेळेला तो हजर असतो. वेळ फारच कमी असेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या वर झोपू द्यायचं नाही, म्हणजे शक्यतो तळाशी जायच्या आत उठवलं जातं, पण तीन रात्रींची बाकी असेल तर माणूस तेवढ्यातही तळाशी जातो, त्यामुळे उठल्यानंतरचा अर्धा तास कशानंही सुटत नाही. आणि अशी फेरी झाली की घरी किमान दोन पूर्ण रात्री, मग परत बोट.

यातलं शेवटचं शेठना पटवायला सगळ्यात जड गेलं, त्यांचंही चुकत नाही, बंदरात उभ्या बोटीचा खर्च त्यांनाच लागतो. मी त्यांना वाकलेल्या पंख्याचं आणि बुडालेल्या फेरीचं बिल समोर ठेवायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी दोन रात्रींचा खर्च. तांडेल त्याच बोटीवर आहेत. दुसऱ्या सुकाणीवाल्यालाही खाडीचं तोंड शिकवायला घेतलंय, दिवसाउजेडी, ओहोटीला रेती उघडी पडते तेव्हा होडी घेऊन जातात आणि बांध कुठे सरकलाय ते दाखवतात, कारण चॅनेल एकट्याच माणसाच्या डोक्यात असेल तर त्या माणसाला कधी ना कधी झोपेतून हलवून उठवावंच लागणार. पुढची चाचणी दिवाळीनंतर ठेवलीये, त्या वेळी दोघांनाही फोनवरची पाच मिनिटं करायला बोलावलंय, समुद्रावरून आल्या दिवशी एकदा आणि घरी दोन रात्री झोपल्यावर एकदा.